शनिवारी वस्तू हातात हवी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, असा निरोप आला. मधल्या सुट्टीतला वडापाव आणि तलावपाळीवरच्या चकरा हे विषय बाकीचे माजी विद्यार्थी सोडणार नाहीत, तेव्हा ते त्यांच्यावर सोपवतो. नववीला डिसेंबरात जो कामाचा आठवडा असायचा, तो पुन्हा सुरू करायचं शाळेच्या मनात आहे असं कळलं. म्हणून आठवणींऐवजी त्याची कृतीच लिहून देतो. नव्या शिक्षकांच्या हाती निदान एक चिठ्ठी असेल.

आठवडाच का, ते आधी. कार्यानुभवाचा तास 35 मिनिटांचा. सामान काढायला 10 गेली, आवरायला 10, उरली 15. त्यात खळ लावली तर ती वाळायला रात्र लागते आणि पुढचा तास येतो आठ दिवसांनी. तोवर पुठ्ठ्याची कुठली बाजू आत, हे कुणाच्याच लक्षात नसतं. सलग सहा दिवस रोज 3 तास दिले की वाळण्याचा वेळ रात्रींमध्ये आपोआप बसतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी शाळांसाठी जो अभ्यासक्रम बसवला, त्यात आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाला दिलेला असतो. पद्धत उत्तम आहे, पण वर्षभर दर आठवड्याला एक दिवस मोकळा काढायचा म्हणजे आठ शिक्षकांचे आठ तास हलवायचे. त्यापेक्षा डिसेंबरातला एक आठवडा मागून घेणं सोपं. संमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की तास तसेही होत नाहीत. शिवाय तेव्हा हवा कोरडी असते. ठाण्यातल्या जुलैत कागद पापडासारखा सादळतो आणि खळीला दुसऱ्या दिवशी वास येतो.

विषय निवडायची कसोटी एकच: शनिवारी दुपारी वस्तू मुलाच्या हातात हवी, आणि ती जमली की फसली हे तिनंच सांगायला हवं. आकाशकंदील या कसोटीला उतरत नाही. वाकडातिकडा कंदीलही आत दिवा लावला की छान दिसतो. मडक्यावरच्या रंगकामाचं तेच. शिवलेली वही मात्र उघडल्यावर सपाट बसते किंवा बसत नाही.

एका गटात 12 मुलं. तेरावं आलं की एकाच्या हाताकडे लक्ष राहत नाही, आणि दाभणाच्या कामात ते परवडत नाही. पसंतीक्रम तीन घ्यावेत आणि वाटप शिक्षकांनी करावं, नाहीतर वर्गातला एक अख्खा बाक उठून एका गटात जातो.

आता पुस्तकबांधणी. हा गट मी सगळ्यात वर ठेवीन, म्हणून सविस्तर.

करायचं काय, तर 128 पानांची, शिवलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही. सोमवार कागदाचा, आणि पहिली फसगत तिथेच. कागदातल्या तंतूंना एक दिशा असते. ती वहीच्या कण्याला समांतर हवी. दुकानातल्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांब बाजूने असतात. तो मधोमध दुमडला की तंतू कण्याला आडवे जातात, घडी खरखरीत होते आणि वही उघडली की पानं लोळण्याऐवजी ताठ उभी राहतात. त्यापेक्षा ए-थ्री कागद आणून मधोमध कापावा; मिळणाऱ्या तुकड्यात तंतू आखूड बाजूने येतात आणि दुमडल्यावर बरोबर कण्यालगत बसतात. खात्री करायची तर कागदाचा चौकोनी तुकडा एका अंगाने ओला करा. तो नळीसारखा वळतो. नळी ज्या दिशेने लांब, ती तंतूंची दिशा. ही एक गोष्ट मुलांना करून दाखवली की पुढे पुठ्ठा आणि पुस्तनी (वहीला पुठ्ठ्याशी जोडणारा आतला कागद) घेताना तीच विचारतात, ‘सर, ह्याची नळी कुठे?’

चार कागद एकात एक घालून दुमडले की एक जुज. अशी आठ जुजं. घडी हाडाच्या पट्टीने घालावी. नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते. नखाने घातलेली घडी फुगते. मग रात्रभर वजनाखाली. कागदात गुंडाळलेल्या विटांइतकं स्वस्त आणि सोयीचं वजन दुसरं नाही.

मंगळवारी भोकं आणि शिवण. कणा 210 मिलिमीटरचा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर 15, 60, 75, 135, 150 आणि 195 वर खुणा करून साचा करायचा. 60-75 आणि 135-150 या जोड्यांच्या मधल्या जागेत, कण्यावर बाहेरून आडव्या, सुती फिती बसतात. मापं दोन्ही टोकांकडून सारखी ठेवली आहेत, कारण बारा मुलांत एखादं जुज उलटं लागणारच. भोक पाडायला जुनी टेलिफोन डिरेक्टरी मधोमध उघडायची, तिच्या घळीत जुज उघडं ठेवायचं आणि घडीतून आतून बाहेर दाभण टोचायचं. डिरेक्टरी आता मिळत नाही. कुठलंही जाड रद्दी पुस्तक घ्या.

दोरा बारीक पण चिवट हवा. आठ जुजांमध्ये दोऱ्याचे आठ थर साठतात. दोरा जाड असला की कणा फुगतो आणि वही पाचरीसारखी दिसते. दोऱ्याला मधमाश्यांचं मेण लावावं. मेणबत्ती घासली तर मेणाचा भुगा होऊन पानात सांडतो. एका वेळी दोन्ही हात पसरून मावेल एवढाच दोरा. जास्त घेतला की गुंता. टोकाच्या भोकातून बाहेर आलं की खालच्या दोन जुजांमधल्या टाक्याखालून सुई काढून फास घालायचा. आणि जे रोज ओरडून सांगावं लागतं ते असं: दोरा कण्याच्या रेषेत ओढा, आपल्याकडे वर ओढू नका. वर ओढला की भोकाची चीर होते आणि ते जुज बाद.

बुधवारी कण्याला पांढरा गोंद आणि त्यावर जाळीचं कापड. पुस्तनी पहिल्या आणि शेवटच्या जुजाला फक्त 4-5 मिलिमीटरच्या पट्टीवर चिकटवायची. गोंद वाळेपर्यंत पुठ्ठे कापून होतात: 2 मिलिमीटर जाडीचे, उंची 216, म्हणजे वर-खाली तीन-तीन मिलिमीटर बाहेर. रुंदी 145. पुठ्ठा आणि कण्याची पट्टी यांच्यात 7 मिलिमीटर जागा सोडायची. ती 4 झाली तर वही उघडत नाही, 10 झाली तर कव्हर लोंबतं. कण्याच्या पट्टीची रुंदी फूटपट्टीने मोजू नये. कागदाची चिंधी कण्याला गुंडाळून, दोन्ही बाजूंना पुठ्ठे धरून, खूण करून घ्यावी.

गुरुवारी पुठ्ठ्यांवर कापड चिकटवून कव्हर करायचं. त्याची खळ: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग ढवळत शिजवायचा. गरम पाण्यात टाकला की गुठळ्या. धंद्यातली माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, शाळेत आणूच नये. त्यापेक्षा खळ रोज ताजी करावी. नुसता पांढरा गोंद वापरला तर तो लगेच धरतो आणि तिरकं बसलेलं कापड सरळ करायला वेळच देत नाही.

शुक्रवारी वही कव्हरात बसवायची. कव्हराचं कापड वाळताना पुठ्ठ्याला बाहेरून ओढतं, पुस्तनी वाळताना आतून ओढते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या तरच पुठ्ठा सरळ राहतो. पुस्तनी आणि पानं यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा, नाहीतर ओल पानांत जाऊन पहिली दहा पानं सुरकुततात. वर्तमानपत्र घालू नये, अक्षरं उमटतात. मग विटा ठेवायच्या आणि खोलीला कुलूप लावायचं. कुलूप महत्त्वाचं! ‘बघू तरी’ म्हणून ओली वही उघडली की पुस्तनीला सांध्यात कायमची घडी पडते, आणि उघडून बघणारे बाराही असतात.

दुसरा गट विजेचा. वस्तू: एक सॉकेट, एक स्विच, एक इंडिकेटर आणि 3 मीटर वायरचा एक्स्टेंशन बोर्ड. सोमवार-मंगळवार विजेला हात नाही. नुसतं वायर सोलणं आणि स्क्रूखाली दाबणं. 10 ते 12 मिलिमीटर सोलायचं, तारा पिळायच्या, दुहेरी करायच्या. सोलताना दोन-चार तारा तुटल्या तर तो तुकडा कापून पुन्हा. वेष्टनच स्क्रूखाली गेलं तर वरून घट्ट वाटतं, पण जोड ढिला राहतो आणि तापतो.

खरी गोम सॉकेटमध्ये आहे. समोरून पाहिलं तर मोठं, अर्थचं भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. पण मुलं जोडणी करतात पाठीमागून, आणि पाठीमागून उजवं-डावं उलटतं. दरवर्षी निम्मे बोर्ड इथे चुकलेले निघाले तर नवल मानू नये. डावं-उजवं विसरा, सॉकेटवर कोरलेली एल (फेज) आणि एन (न्यूट्रल) ही अक्षरं वाचा, एवढंच सांगावं. वायरीचे रंगही दोन तऱ्हांचे: घरातल्या वायरिंगमध्ये लाल, काळी, हिरवी, लवचीक वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. स्विच फेजमध्येच हवा. न्यूट्रलमध्ये लावला तरी दिवा विझतो, पण होल्डर जिवंत राहतो.

तपासणी थेट प्लगवर नको. आधी सिरीज दिवा, म्हणजे बोर्डाकडे जाणारी वीज ज्यातून जाते असा दिवा, आणि त्यात तारेचा जुना 100 वॅटचा बल्ब. एलईडी तिथे कामाचा नाही. बोर्ड जोडल्यावर बल्ब लखलखला तर आत शॉर्ट आहे. नंतर स्विच बंद करून टेस्टर सॉकेटच्या भोकात. उजळला तर स्विच न्यूट्रलमध्ये गेला आहे. प्लगची मोठी पिन आणि सॉकेटचं मोठं भोक यांच्यात मल्टिमीटरने अर्थ तपासायची. वीज जोडणार शिक्षक, तेही 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर. शेवटी वायर धरून बोर्ड उचलायचा: ओढ वायर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर यायला हवी, स्क्रूवर नाही. आणि बोर्डाच्या पाठीवर मुलाने स्वतः लिहायचं: 6 अँपिअर गुणिले 230 व्होल्ट, म्हणजे 1380 वॅट. इस्त्री चालेल, 2000 वॅटचा गीझर नाही.

सायकलीच्या गटाबद्दल थोडक्यात. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. हे न सांगता पाना हातात दिला की आटे गेलेच. पंक्चरचं सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, ओल्यावर पॅच लावला की संध्याकाळी सुटतो. टायरच्या आत बोट फिरवून खिळा शोधायचा, पण सावकाश.

खाडीच्या गटात हाती वस्तू येत नाही, तरी तो ठेवावा. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं, 2022 साली ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि डिसेंबरात पक्षी आलेले असतात. अडचण वेळापत्रकाची आहे. पक्षी चिखलावर दिसतात ओहोटीला, आणि ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सकाळी 8 ला जमलेला गट शनिवारी त्याच वेळी गेला तर चिखलाच्या जागी पाणी दिसेल. तेव्हा या गटाची वेळ रोज हलवायची. कोळीवाड्यातला हिशेब मुलांना करायला लावा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला तीन. खाडीत आत आलं की त्यात आणखी उशीर. एकच थवा दोघांनी एकमेकांना न विचारता दहा-दहाच्या घोळक्यांनी मोजायचा आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे, खाडाखोड न करता.

सामानापैकी कागद-पुठ्ठ्याच्या कातरणीसाठी वागळे इस्टेटमधल्या छापखान्यांत विचारावं. विजेचं सामान मुंबईत लोहार चाळीतून एकदम आणावं. दाभणं पंधरा घ्यावीत. बारा मुलांत तीन मोडतात.