सातव्या माणसाची गोष्ट

"सर, सुवर्णपदकवाले एवढे पडलेत, मग पोरांना सातव्या आलेल्याचीच गोष्ट का सांगता?" गुहागरच्या वाळूवर मी पोरांना पळवतो तेव्हापासून दर हंगामात कुणी ना कुणी पालक हे विचारतातच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितोय.

तो सातवा म्हणजे राजस्थानचा श्रीराम सिंग. फौजी, राजपुताना रायफल्सचा. प्रशिक्षक इलियास बाबर यांनी त्याला ४०० वरून ८०० मीटरकडे वळवलं. १९७४ ला तेहरान आणि १९७८ ला बँकॉक, दोन्ही एशियाडमध्ये ८०० चं सुवर्ण त्याचंच. म्हणजे सुवर्णपदकवालाही तोच आहे. पण माझी गोष्ट या दोन पदकांच्या मधली.

२५ जुलै १९७६, माँट्रियल ऑलिंपिक, ८०० ची फायनल. त्यात क्युबाचा हुआंतोरेना होता, भलताच ताकदवान, लांब ढांगांचा. आणि अशा माणसाच्या पुढे श्रीराम निघाला! पहिली फेरी संपल्याची घंटा वाजली तेव्हा तो ५०.८५ सेकंदांत सगळ्यांच्या पुढे होता. त्यानंतर हुआंतोरेना सुटला आणि १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम करून गेला. त्या विक्रमाला श्रीरामने लावलेला वेग कामी आला, असं मी ठामपणे मानतो. तो स्वतः १:४५.७७ मध्ये सातवा.

वजाबाकी करून बघा, दुसऱ्या फेरीला ५४.९२ लागले. पहिलीपेक्षा चार सेकंद जास्त. ५०० मीटर गेले की मांड्या दगडासारख्या होतात, हात वर येईनात, श्वास घशातच अडकतो; ८०० पळलेल्याला हे सांगावं लागत नाही. तरी तो माणूस शेवटपर्यंत ओढत राहिला, आणि त्या सातव्या क्रमांकाची वेळ भारतात ४२ वर्षं कुणाला मोडता आली नाही. २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ ची वेळ दिली तेव्हा कुठे तो विक्रम गेला. बारा शतांश सेकंदांनी!

मी स्वतः कॉलेजात ८०० पळायचो. एका स्पर्धेत आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत पळालो, पुढे जायची जबाबदारी कुणी घेईना. शेवटच्या दोनशेत ज्याच्याकडे वेग होता तो जिंकला. मी तिसरा आलो, आणि दोन मिनिटांत माझा श्वास जागेवर आला. पदक घरात कुठेतरी असेल. तो न वापरलेला दम मात्र अजून टोचतो.

म्हणून आमच्याकडे सराव असा चालतो. ओहोटीला पाणी मागे सरलं की ओली, घट्ट वाळू मिळते. काथ्याच्या दोरीने मोजून ४०० मीटरवर सुरूची फांदी रोवतो. तिला वळसा घालून परत यायचं. किनारा उतरता, म्हणून जाताना डावा पाय खाली पडतो आणि येताना उजवा, त्यामुळे एकाच गुडघ्यावर भार येत नाही. उत्तरेकडे जाताना दुपारचा वारा तोंडावर असतो. त्या वाऱ्यात पुढे कोण राहणार, हे मी रोज एकेकाला वाटून देतो. बाकीच्यांना आडोसा मिळतो, पुढच्याला नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या मुलीची पाळी होती. फांदीपर्यंत ती पुढे होती, परतताना चौघांनी तिला मागे टाकलं. रेघ ओलांडून वाळूवर बसली, पोटऱ्या थरथरत होत्या, आणि पहिला प्रश्न काय विचारला? "सर, फांदीपाशी किती झाले होते?" मी घड्याळ दाखवलं. तिने बोटाने तो आकडा ओल्या वाळूवर लिहिला, खाली रविवारची ओहोटी किती वाजता ते विचारून लिहिलं, आणि चपला हातात घेऊन घरी गेली. पाचवी आली एवढंच तिने तुम्हाला सांगितलं असेल.