ब्लॅकवॉटरच्या तळ्याकाठी

बोस्टनहून प्रॉव्हिन्सटाउनला बोटीने दीड तास लागतो. बोट धक्क्याला लागली तशी माणसं गल्लीतल्या दुकानांकडे पांगली. मला मात्र गावाबाहेरचं बीचचं जंगल गाठायचं होतं. (बीच म्हणजे इथे समुद्रकिनारा नव्हे, त्या नावाची झाडं.) अमेरिकन कवयित्री मेरी ऑलिव्हर चाळीसहून जास्त वर्षं या गावात राहिली आणि पहाटे उठून याच रानात हिंडायची.

वाट जेमतेम मैलभराची, वाळूच्या टेकड्यांमधून जाणारी. राखाडी, गुळगुळीत खोडं हत्तीच्या पायांसारखी दिसतात. ऑक्टोबर असल्याने पानं तांब्याच्या रंगाची झाली होती. एकदा चालताना ओळी सुचल्या आणि मेरीच्या खिशात लिहायला काहीच नव्हतं. तेव्हापासून ती झाडांमध्ये पेन्सिली लपवून ठेवू लागली. मी दोन ढोल्यांत हात घालून पाहिला. बोटांना ओला भुसा लागला. तो पुसावासा वाटेना.

तिचा जन्म 1935चा, ओहायोतला. घरात फार सोसावं लागलं, म्हणून शाळा बुडवून ती रानात जाऊन बसायची. 1984मध्ये ‘अमेरिकन प्रिमिटिव्ह’ या तिच्या कवितासंग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळालं, पण मला मोठी वाटते ती त्याआधीची वर्षं. मन गुंतेल अशी नोकरी तिने मुद्दाम कधी धरली नाही. कवितेसाठी सकाळ मोकळी राहावी, एवढंच बघितलं. हातात पैसा नसे, तेव्हा किनाऱ्यावरचे शिंपले आणि रानातली अळंबी खायला घरी यायची. तिची कविता फार सोपी, असं काही समीक्षक म्हणत आले. मला ते मुळीच पटत नाही. तेच तळं हजारदा पाहून दर वेळी नवं दिसणं सोपं कसं असेल?

तिची जोडीदार, छायाचित्रकार मॉली मलोन कुक, 2005 साली गेली. पुढे मेरी फ्लोरिडाला राहायला गेली आणि 2019मध्ये तिथेच वारली.

याच रानातल्या ब्लॅकवॉटर तळ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. रात्रभराच्या पावसानंतर याच पाण्याची ओंजळ ती पिते, अशी तिची एक कविता आहे. मीही वाकून ओंजळ भरली. ओंजळीत आल्यावर पाण्याचा काळेपणा कुठेच दिसेना. हात झटकून उठले, तर काळ्या टोपीची एक चिकाडी फांदीवरून माझ्याकडे बघत होती. इथले हे पक्षी माणसाला फारसे बुजत नाहीत, म्हणून मी तळहात पुढे धरला. ती आली. वजन असं जाणवलंच नाही, फक्त गार, बारीक नखं. क्षणभर थांबली आणि उडून गेली. मी बराच वेळ हात तसाच धरून उभी होते.