गोरेगावची हायरॉक्स: पन्नाशी-साठीतल्यांनी स्लेडची तयारी करूनच यावं

सगळ्यात आधी हे ऐका: हायरॉक्समध्ये, म्हणजे धावणं आणि व्यायाम आलटून पालटून करायच्या शर्यतीत, वय वाढलं म्हणून ढकलायची-उचलायची वजनं कमी होत नाहीत. स्लेड म्हणजे वजनं रचलेली, जमिनीवरून घासत ढकलायची लोखंडी चौकट. आमच्या जिमच्या ट्रेनरने "काका, तुमच्या वयोगटाला हलका स्लेड असतो" असं छातीठोकपणे सांगितलं आणि ज्येष्ठांच्या खास पॅकेजचे जादा पैसेही घेतले. प्रत्यक्षात वयोगट फक्त निकालापुरते. ओपनमध्ये, म्हणजे सर्वसाधारण गटात, पंचविशीतल्या पोराला जो १५२ किलोचा स्लेड, तोच मला. बायकांना १०२.

आठ वेळा एकेक किलोमीटर धावायचं आणि प्रत्येक धावेनंतर एक स्टेशन, म्हणजे ठरलेला व्यायाम, हे माहीतच असेल. हृदयाची स्ट्रेस टेस्टही करून घेतलीय असं धरतो. पहिलं स्टेशन स्कीअर्गचं (उभ्याने दोऱ्या खाली ओढायचं यंत्र), ते निवांत गेलं. दुसरं स्लेड पुश, आणि तिथे माझी शर्यत संपल्यात जमा होती.

अंतर ५० मीटर, म्हणजे साडेबारा मीटरच्या चार फेऱ्या. ऐकायला काहीच नाही. जिममधल्या गुळगुळीत टर्फवर एवढंच वजन मी पळवत होतो. इथे खाली कार्पेट. चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखा स्लेड जागचा हलेना! दुसऱ्या फेरीत मधोमध थांबलो आणि तो पुन्हा सुटता सुटेना. शेजारच्या लेनमधली मुलगी स्वतः धापा टाकत ओरडली, "अंकल, छोटे छोटे स्टेप्स!" ट्रेनरच्या सगळ्या पॅकेजपेक्षा हे तीन शब्द कामाचे. कंबर खाली, पावलं बारीक, आणि दम खायचा तो फेरी संपल्यावर रेषेपाशी, मध्ये कधीच नाही. सराव टर्फवर असेल तर तीस-चाळीस किलो जास्तच लावा. घासलेल्या तळव्यांचे बूट घरी ठेवा.

त्यानंतरचा किलोमीटर मी निम्मा चाललो. लाज कसली? स्लेड पुल, म्हणजे दोरीने स्लेड ओढणं, त्या मानाने बरा: नुसत्या हातांनी ओढू नका, अंग मागे टाकून मागे मागे चाला, पण आखलेल्या चौकटीबाहेर पाय जाऊ देऊ नका. बर्पी, रोइंग, फार्मर्स कॅरी ही पुढची स्टेशनं उरकली.

आपल्या वयाला खरा दगा गुडघे देतात, तेही शेवटी. लंजेसमध्ये, म्हणजे एकेक पाय पुढे टाकून वाकत चालताना, गुडघा प्रत्येक वेळी जमिनीला टेकलाच पाहिजे. मग १०० वॉल बॉल्स, म्हणजे बैठक मारून चेंडू वर लक्ष्यावर फेकायचा: पुरुषांना ६ किलोचा चेंडू, ३ मीटरवरचं लक्ष्य. बैठक पुरती खाली गेली नाही की जज 'नो रेप' म्हणतो आणि तो चेंडू फुकट. पूर्ण बसता येत नसेल तर एकट्याने उतरूच नका, डबल्स म्हणजे जोडीची शर्यत घ्या. धावायचं दोघांनी बरोबरच, पण स्टेशनचं काम वाटून घेता येतं. माझ्या मते साठीनंतर पहिल्यांदा उतरणाऱ्याने डबल्सच करावं.

बाहेर पडल्यावर गळ्यातलं पदक बघून रिक्षावाल्याने राम मंदिर स्टेशनचे तीनशे सांगितले. तीनशे! अंतर चालण्याजोगं आहे, गोरेगाव पूर्व मेट्रोही जवळच आहे. राम मंदिरला फक्त स्लो लोकल थांबते, तेवढं लक्षात ठेवा. आणि स्टेशनच्या पुलाचा कठडा धरा. चढताना काही होत नाही, उतरताना मांड्या बोलतात.