संगीत नाटकातले खून पडद्यावर आणताना: माझा अनुभव

आमच्या ग्रुपचं एक संगीत नाटक होतं. ऊसपट्ट्यातला ढोलकीवाला, बायकोच्या मरणाला जबाबदार असलेल्यांना एकेक करून कोयत्यानं संपवतो आणि प्रत्येक खुनाला एक पद. केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोग झाले तेव्हा पदांना वन्समोअर मिळायचे. मग ऑगस्ट २०२४ मधे नाट्यगृह आगीत गेलं, कोल्हापुरात आमच्यासारख्यांना तसं दुसरं स्टेज नाही, आणि आम्ही ठरवलं की आता पिक्चरच करायचा. पटकथा आणि दिग्दर्शन माझ्याकडं आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कुणाला असलं काही करायचं असेल तर उपयोग होईल.

स्टेजवर रक्तही खोटं आणि गाणंही खोटं, आणि प्रेक्षकाला ते मान्य असतं. लाल कापड भिरकावलं, लाईट बदलला की खून झाला. कॅमेऱ्यापुढं रक्त खरं दिसायला लागतं आणि मग त्यातच माणूस गातोय हे पटत नाही, बरं गाणी काढून टाकावीत तर उरतो नेहमीचा सूडाचा पिक्चर. त्यामुळं गाणं संपवून खून करायचा नाही, खून गाण्याच्या आतच झाला पाहिजे हे मी पहिल्यांदा पक्कं केलं. नाटकात कोयता बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, पडायचा आणि टाळी यायची. पडद्यावर तेच केलं की वार नाचातल्या स्टेपसारखा दिसतो, कारण सम कधी येणार हे आपल्या कानाला आधीच कळलेलं असतं. म्हणून वार दोन मात्रा आधी घेतला आणि समेवर ठेवली फक्त ढोलकीची थाप. एवढ्यानं अख्खा सीन बदलला, एडिटिंगला बसलेला पोरगा दचकला!

'स्वीनी टॉड' मी या काळात परत परत बघितला. सूडानं खून करत सुटलेल्या न्हाव्याचं १९७९ चं ब्रॉडवेचं संगीत नाटक, टिम बर्टननं २००७ मधे पिक्चर केला. नाटकाच्या सुरुवातीला कोरस जे गाणं म्हणतो ते पिक्चरमधे कुणीच गात नाही, चाल मात्र पार्श्वसंगीतात राहिली. आमच्याकडं सूत्रधार आणि कोरस होता, तोही काढायचा ठरवला तेव्हा ग्रुपमधे बरीच नाराजी झाली. सूत्रधाराचं काम करणारे अण्णा एवढंच म्हणाले, "पद कापलंस ते कापलंस, चाल तरी ठेव की रे." ती चाल आता ऑर्गनवर तीन ठिकाणी येते आणि मला विचाराल तर पिक्चरमधली सगळ्यात भीतीदायक गोष्ट तीच आहे.

गायकीचं काम सगळ्यात अवघड गेलं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज लावायची सवय, त्यात तान घेताना उघडलेला जबडा क्लोजअपमधे आला की पात्र गायब होऊन गवई दिसतो. सगळी पदं शूटिंगच्या आधीच रेकॉर्ड केली, माईक तोंडाजवळ, ताना जवळजवळ बंद, काही ओळी तर नुसत्या पुटपुटल्यासारख्या.

शूटिंग शहराबाहेरच्या एका गुऱ्हाळावर, हंगाम चालू असताना. काहिलीची (रस आटवायच्या मोठ्या कढईची) वाफ, चुलवाणाचा (तिच्याखालच्या भट्टीचा) उजेड, सेटला वेगळा खर्च नाही. रक्त काकवीतच खायचा लाल रंग घालून बनवलं. गूळ करणाऱ्या गुळव्या मामांनी बघितलं आणि म्हणाले, "आवं ह्ये लई घट हाय, रगात आसं थांबतंय व्हय? पातळ करा जरा." खरंच होतं ते, कापडावरून ओघळतच नव्हतं. मग पाणी घालून पातळ केलं, पण मधमाश्या यायच्या त्या यायच्याच, प्रेत झालेला नट डोळे मिटून गप पडून राहायचा, त्याला मानलं पाहिजे. दुसरी अडचण रंगाची. आम्हाला सगळा पिक्चर मळकट, उतरलेल्या रंगांचा हवा होता आणि रंग उतरवले की लाल रक्त काळं पडतं. 'स्वीनी टॉड'च्या सेटवर याचसाठी रक्त नारिंगी ठेवलं होतं. आम्हीही त्या बाजूला सरकलो, टेस्ट शॉट घेऊन, जागेवर बघून.

कोल्हापूरला असलं काही नवीन नाही म्हणा. बाबूराव पेंटरांच्या १९२० च्या 'सैरंध्री'मधला कीचकाचा वध लोकांना इतका खरा वाटला की तो सीन कापावा लागला. मूकपट, रंग नाही, तरी ही गत! ते डोक्यात होतं म्हणून शेवटच्या खुनात मी रक्ताचा एक थेंब दाखवलेला नाही, नुसता ढोलकीवाल्याचा चेहरा आणि पद.

पावणेतीन तासांचं नाटक दोन तासांच्या आत बसलंय. सध्या साउंड मिक्सिंग चालू आहे, मग सेन्सॉर. खून कमी केले तर यूए मिळेल असं काही जण सांगतायत, पण खून काढला की त्याच्यासोबत पदही जातं, त्यामुळं फक्त प्रौढांसाठीचं 'ए' मिळालं तरी चालेल.