नाणेघाट, सहकुटुंब

अंगाचं पार भुस्कट पाडून नाणेघाटातून परत आलोय. वैशाखऱ्याकडून चढलो. आईंना जीपने जुन्नरमार्गे थेट वर पाठवलं, त्यामुळे आम्ही घामाघूम होऊन पोचलो तेव्हा त्या निवांत चिंचा खात बसलेल्या!

वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली, याचा चक्क हिशोब आहे त्यात. धाकटीला राणीपेक्षा आकड्यांचं कौतुक जास्त. सातवाहन घराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते तिथे आता नुसती पावलं उरलीत, वर नावं कोरलेली. शेजारी कुणा 'पप्पू'नेही आपलं नाव खरवडलंय. त्याचीही पावलं मिळायला हवी होती!

अक्षरांना हात लावायचा नाही, हे मुलांना खालीच सांगितलं होतं. घामट हाताचा रोजचा स्पर्श कातळालाही सोसत नाही. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला जायचा, आणि जकातीची नाणी म्हणे त्या दगडी रांजणात टाकायचे. आज त्यात वेफर्सची पाकिटं. पोरांनी ती काढून आमच्या पिशवीत भरली. जकातच वसूल केली म्हणा ना.

जेवण गावातल्या एका ताईंकडे आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. पिठलं, भाकरी, ठेचा. थोरला, जो घरी भाकरीला नाक मुरडतो, त्याने तीन हाणल्या.

आता बेडसे लेण्यांचा हट्ट सुरू झालाय. आधी माझे गुडघे काय म्हणतात ते बघू.