कटकच्या घाटावर उलटी बासरी

कोणार्क एक्स्प्रेसने पुण्याहून भुवनेश्वरला जायचं म्हणजे दोन रात्री गाडीत काढायच्या. सामान फारसं नव्हतं, फक्त एक पीव्हीसीचा तीन फुटी पाइप होता, दोन्ही टोकांना झाकणं लावलेला. प्लॅटफॉर्मवर एका हवालदाराने हटकलंच. "यात काय?" बासरी आहे म्हटलं तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी उभ्या उभ्या भूपातल्या दोन ओळी वाजवून दाखवल्या, तेव्हा सुटका झाली. पंधरा वर्षं शिकतोय, पण परीक्षा म्हणावी अशी ही पहिलीच.

ओडिशात जाणाऱ्याला लोक पुरी आणि कोणार्कबद्दल विचारतात. मला मात्र कटकचं आकाशवाणी केंद्र बघायचं होतं, निदान बाहेरून तरी. १९५७ साली अलाहाबादच्या एका पहिलवानाचा मुलगा तिथे बासरीवादक म्हणून नोकरीला लागला. वय एकोणीसच्या आसपास. बापाला पोरगा आखाड्यात हवा होता आणि पोरगा बनारसच्या पं. भोलानाथ प्रसन्नांकडे फुंक शिकत होता. हेच पुढचे पं. हरिप्रसाद चौरसिया.

गाडीत कानात 'कॉल ऑफ द व्हॅली' लावली होती. १९६७ची तबकडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि हरिजींची बासरी. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत, हे मात्र आपल्याकडेही फार कमी लोकांच्या लक्षात राहतं. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस रागांमधून मांडलेला. शुद्ध शास्त्रीयवाल्यांनी नाक मुरडावं असाच हा प्रकार, पण आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांना अहिरभैरव पहिल्यांदा इथेच भेटला, माझ्यासकट.

भुवनेश्वरहून कटक तासाभराच्या आत येतं. गाडी काठजोडीच्या पुलावर चढली की समोर शहर दिसायला लागतं. एका बाजूला काठजोडी, दुसऱ्या बाजूला महानदी आणि मध्ये चिंचोळ्या पट्टीवर बसलेलं हे जुनं गाव. 'अटक ते कटक' आपण शाळेत घोकलं, पण यातलं कटक प्रत्यक्ष बघणारे किती? नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून ते १८०३मध्ये इंग्रजांकडे गेलं. बाराबाटी किल्ल्याचा आता दरवाजा, खंदक आणि थोडे अवशेष उरलेत.

सकाळी सायकलवर भलं मोठं पातेलं बांधलेला दहीबरावाला गाठला. पाण्यासारख्या पातळ ताकात बुडालेले वडे, त्यावर झणझणीत आलूदम, मग घुगनी म्हणजे वाटाण्याची उसळ, कांदा, शेव. सगळं एका द्रोणात. आपल्या दहीवड्याची सवय असलेल्याला आधी हे विचित्र लागतं. दुसऱ्या द्रोणाला मी ताक तोंडाला लावून प्यायलो.

आकाशवाणीच्या फाटकासमोर पंधरा मिनिटं उभा राहिलो. आत जायची परवानगी मागितलीच नाही. मागून सांगणार काय? की इथे एक माणूस पन्नासच्या दशकात ड्यूटीवर यायचा? पण तिथे उभं असताना एक गोष्ट मनात नीट बसली. आपण म्हणतो, हरिजी शास्त्रीय संगीतातून निघून सिनेमात गेले, फ्यूजनमध्ये गेले. मला वाटतं, ते असे 'गेले' वगैरे नाहीत. रेडिओवरच्या स्टाफ कलाकाराला निवड कुठे असते? आज सुगम संगीत, उद्या नाटकाचं पार्श्वसंगीत, परवा लोकगीताला साथ. समोर येईल ते वाजवायचं, आणि वेळेत वाजवायचं.

कटकमध्येच त्यांची गाठ व्हायोलिनवादक भुवनेश्वर मिश्रांशी आणि ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्रांशी पडली. नाचाला बासरी वाजवायची म्हणजे मर्दलाच्या, ओडिसीतल्या पखवाजासारख्या वाद्याच्या, बोलांवर एक कान आणि नर्तकाच्या पायावर एक डोळा. मिश्रांबरोबर त्यांनी 'भुवन-हरी' नावाने ओडिया सिनेमालाही संगीत दिलं. म्हणजे शिवकुमार शर्मांबरोबरची 'शिव-हरी' ही जोडी 'सिलसिला'च्या (१९८१) निमित्ताने घराघरांत पोचली, त्याआधीच त्यांना जोडीने काम करायची सवय लागलेली होती. १९६८च्या जानेवारीत बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला आला, तेव्हाही बासरीला हरिजीच. त्यातलं एक गाणं बीटल्सच्या 'लेडी मॅडोना'च्या तबकडीवर मागच्या बाजूला आलं. पुढे गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन, सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक आणि तबल्यावरच्या झाकीरभाईंबरोबर 'मेकिंग म्यूझिक' (१९८७). हे शेवटचं मला अजून पूर्ण पचलेलं नाही, सॅक्सोफोन मध्ये आला की माझं लक्ष उडतं. पण तो माझा दोष असेल.

संध्याकाळी महानदीवर गडगडिया घाटावर जाऊन बसलो. कार्तिकात इथे बालियात्रेची मोठी जत्रा भरते. मी होतो तेव्हा मात्र चार म्हातारे आणि पतंग उडवणारी दोन पोरं. पाइपातून बासरी काढली. आधी नेहमीसारखी उजवीकडे धरून यमन वाजवला. मग डोक्यात किडा वळवळला.

मुंबईत स्थिरावल्यावर, सिनेमाची कामं हातात असताना, हरिजी सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. त्या सहजासहजी शिकवायला तयार होईनात. म्हणून आतापर्यंत शिकलेलं सगळं पुसून टाकायला तयार आहोत हे दाखवायला त्यांनी बासरीची दिशाच बदलली, उजवीकडची डावीकडे. आजही फोटोत बघा, बासरी त्यांच्या डाव्या खांद्याच्या बाजूला असते.

मीही फिरवली. बांबूला काय, डावं-उजवं नसतं. पण हातांची अदलाबदल झाली आणि बोटांना भोकं सापडेनात. ओठ बरोबर जागेवर होते तरी फुंक वाऱ्यावर जात होती. पाच मिनिटांनी एक सा लागला, तोही फाटका. पतंगवाल्यांतला एक पोरगा हसत सुटला आणि हिंदीत म्हणाला, "काका, बेसुरा है." बरोबर होतं त्याचं. नाव झालेलं असताना, पैसे मिळत असताना, हे असं फाटकं वाजवत महिनोन् महिने बसायचं?

मग लक्षात आलं की फाटका आवाज सगळा माझा नव्हता. दोन रात्री एसी डब्यातली कोरडी हवा आणि इथली दमट नदीकाठची, यात बासरीला तोंडाकडच्या टोकाशी केसभर चीर गेली होती. चिरेवर जीभ टेकवली तर हवा लागत होती.

बाजारात बासरीवाला सापडला नाही. शेवटी पतंगाच्या दुकानातून जाड दोरा घेतला. मांजा नको, साधा दे, हे समजावताना दुकानदार वैतागला. लॉजवर बसून घट्ट वेढे दिले, वर फेव्हिकॉल चोपडला. परतीच्या गाडीत वाजवून बघितली. वरचे स्वर ठीक येतात, खर्जातून मात्र अजून हवा निसटते.