तुम्ही विचारलंत म्हणून: गिअर खाली का टाकला?

लांबून गाडी बघून खूश झालेला माणूस जवळ येतो, खिडकीतून आत डोकावतो आणि त्याचा चेहरा उतरतो. हे आता मला पाठ झालंय. "अहो, स्टेअरिंगवरचा गिअर कुठे गेला?" पेट्रोल पंपावर विचारतात, मुक्तिधाम मंदिराच्या दारात विचारतात, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तर विचारतातच. एका गृहस्थांनी "मॅडम, चांगल्या गाडीची माती केलीत" असं माझ्या मुलासमोर सुनावलं. मी "आईच्या सोयीसाठी" एवढं म्हणते आणि काच वर करते. पण ही काच हँडल फिरवून वर करावी लागते, आणि आता खरंच हात दुखायला लागलाय. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

बाबांनी गाडी कशी घेतली, ते गेल्यावर ती ताडपत्रीखाली कशी पडून होती, हे विचारणाऱ्यांना बहुतेक माहीत असतं. ज्यांना नाही त्यांच्यापुरतं: १९७५ ची प्रीमियर पद्मिनी, मी आणि आईनं मिळून पुन्हा उभी केलेली. तिचा गिअरचा दांडा मुळात स्टेअरिंगला होता, आता तो खाली, जमिनीतून वर येतो. भांडण त्यावरून.

आधी कागदाचं बोलू, कारण सगळ्यात मोठी हळहळ तिथे असते. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर वीस हजार रुपये भरायचे, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. आमची २०२५ मध्ये बरोब्बर बसली असती. "हातचं घालवलंत!" त्यावर माझा ठरलेला युक्तिवाद होता, की नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांचं नाव आहे, गिअरबॉक्सचं कुठे आहे? बऱ्याच जणांना मी तो ऐकवला. मग एका वकिलांनी शांतपणे विचारलं, "दांडा वर यायला पत्रा कापावा लागला असेल ना?" लागला. म्हणजे बॉडी आलीच. बरं बाबा, आली. पण तोच नियम पुढेही वाचा. ती पाटी लावली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आई तिच्यातून कोथिंबीर आणते.

आणि ओरिजिनल ओरिजिनल म्हणता ते नेमकं कुठलं? कुर्ल्याच्या कारखान्यातून हीच गाडी आधी फियाट अकराशे डिलाइट म्हणून निघायची, मग प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. शेवटी शेवटी खुद्द कंपनीनंच एसवन मॉडेलमध्ये निस्सानचा गिअरबॉक्स घालून दांडा खाली आणला. कंपनीनं केलं की सुधारणा, आम्ही केलं की माती.

हे सगळं मी आता बोलते. तेव्हा मी तुमच्याच पंगतीला होते, उलट चार पावलं पुढेच. हेडलाइटच्या रिंगसाठी मी मालेगावची भंगाराची दुकानं पालथी घातली. नवी चकचकीत रिंग शंभर पावलांवर मिळत होती, ती घेतली नाही. सीटचं रेक्झिन जुन्याच रंगाचं हवं म्हणून काम अडवून धरलं. आई म्हणायची, "अगं, बसायचंय त्याच्यावर, पत्रिका जुळवायची नाहीये."

आईची पद्धत वेगळी. ती आयुष्यभर नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये होती, नोटा आणि स्टॅम्प छापतात तिथे. तिथे एक कागद कमी भरला तर कोणी घरी जात नसे, ती सवय तिच्यात मुरलेली. खोललेला प्रत्येक नट श्रीखंडाच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीचा नंबर वहीत. कार्ब्युरेटरचा जेट तिनं घासलेटच्या स्टोव्हच्या पिनेनं साफ केला, तेव्हा नाशिकच्या द्वारका चौकातले आमचे चाचा मिस्त्री कपाळाला हात लावून बसले. पिनेनं भोक मोठं होतं, गाडी पेट्रोल पिते. जेटला फक्त हवा मारायची. आईनं तेही वहीत लिहिलं आणि पिन फेकून दिली. क्रँकचं ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, रिंगा, बेअरिंग, सगळ्याची बिलं त्या वहीत डकवलेली आहेत. माझ्या हेडलाइटच्या रिंगेसमोर तिनं लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलंय.

आता बिटको चौक.

गाडी सुरू झाली, ब्रेक लागले, कागद झाले. पहिली फेरी मुक्तिधामला नारळ फोडायला, आणि चालवणार आई, हे आधीच ठरलेलं. लायसन्स तिच्याकडे १९८३ पासून आहे. पण बाबा शेजारी बसले की त्यांचा उजवा हात स्टेअरिंगवरच्या दांड्याकडे जायचा. ती क्लच दाबायची, गिअर ते टाकायचे. हळूहळू तिनं चालवणंच सोडलं. त्यात मधे ती मोरीत घसरून पडली, डाव्या दंडात प्लेट बसली, आणि तो हात आता छातीच्या वर जात नाही. हे मला माहीत होतं. पण दांडा छातीच्या वर असतो, हे कसं कोण जाणे, दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि आम्ही बोललो नव्हतो.

जेलरोडवरून ती झकास आली. बिटकोला सिग्नल सुटला आणि गिअर अडकला, ना धड दुसऱ्यात, ना धड न्यूट्रलला. फियाट चालवलेल्यांना हे दुखणं नवं नाही. सांध्यातले बुश झिजले की दांड्या एकमेकींत गुंततात, मग बॉनेट उघडून हातानं सोडवायच्या. बुश आम्ही नवे घातले होते, तरी अडकला. तिनं इंजिन बंद केलं, पदर खोचला, उतरली, बॉनेट उघडलं. मागे बस, रिक्षा, स्टेशनची घाई, सगळे हॉर्नवर हात ठेवून. डावा हात तिथवर पोचेना, म्हणून तिनं उजवा घातला, गरम इंजिनावरून, आणि मनगट भाजलं. ती काही बोलली नाही. पुन्हा हात घातला. मी शेजारी उभी राहून "आई, थांब, आई, थांब" एवढंच म्हणत होते. तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. चांगला मुलगा होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, "आजी, सोबत चालवणारं कोणी आहे का?"

मी म्हटलं, "मी आहे."

तिनं बॉनेटमधून हात काढला. मी दांड्या सोडवल्या, तसं त्यात काही नसतं, एक हिसका. मी उजवीकडे बसले. ती वळसा घालून आली आणि डावीकडे, बाबांच्या जागी बसली. मुक्तिधाम तिथून हाकेच्या अंतरावर, पण ती म्हणाली, "घरी घे." नारळ तिच्या पायाशी गडगडत होता. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी झाली.

त्या चौकात दुसरं काय करायला हवं होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. रांग उड्डाणपुलापर्यंत गेली होती. आजही मी तेच म्हणेन. फक्त जरा हळू म्हणेन.

काही दिवसांनी चाचांचा पोरगा गाडी घेऊन गेला. ब्रेक बघायचेत, असं आईनं मला सांगितलं. पुढचा फोन चाचांचा: "मॅडम, अम्मा का काम हो गया, ट्रायल ले लो." जाऊन बघते तर मधला पत्रा कापलेला, एसवनचा गिअरबॉक्स बसलेला, जमिनीतून काळ्या मुठीचा दांडा वर आलेला. शेअर रिक्षानं द्वारकेला जाऊन, घासाघीस करून, आगाऊ पैसे मोजून तिनं ते ठरवलं होतं. मी तिथेच आवाज चढवला. ती म्हणाली, "माझा हात वर जात नाही. दांडा खाली आणता येतो." मला विचारायचं तरी, म्हटलं. "विचारलं असतं तर?" नको म्हणाले असते. "मग."

तेव्हा "आम्ही गिअर बदलला" हे जे मी मेळाव्यात सांगते, त्यातला 'आम्ही' माझ्या पदरचा. घरात मी विरोधी पक्ष होते. बाहेर तिची वकिली करते, कारण तुम्ही तिला नावं ठेवलीत तर मला खपत नाही. मी ठेवली तर गोष्ट वेगळी.

माझी मावसबहीण म्हणते, आईनं बाबांचा हिशेब चुकता केला. ऐकायला छान आहे, मीही थोडे दिवस तेच धरून चालले होते. पण खालचा दांडा शेजारच्याच्या हाताला उलट जास्त सोयीचा! बाबा असते तर त्यांना वाकावंसुद्धा लागलं नसतं. त्यामुळे तो अर्थ बसत नाही आणि दुसरा मला सापडलेला नाही. आईला विचारलं तर ती खांद्याचा एक्स-रे दाखवते.

नुकसान झालं नाही असं नाही म्हणणार. पुढची सीट अखंड, दांडा वर, म्हणून पुढे तिघं बसायचो, मधे मी. आता मधे बसणाऱ्याच्या गुडघ्यात दांडा येतो. माझा मुलगा तिथे कधीच बसला नाही. आणि मी स्वतः चालवते तेव्हा अजून डावा हात वर जाऊन हवेत चाचपडतो.

"जुना गिअर जपून ठेवलाय ना, परत बसवता येईल," असंही सुचवतात. नाही ठेवला. मालेगावहून एक फियाटवाला आला होता, आईनं त्याला दांड्यासकट सगळा जोड विकला आणि पैसे वहीत जमेला मांडले.

पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या दिवाळीच्या आधी कामानिमित्त मुंबईला गेले होते, तेव्हा कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तसाच दुसरा जोड घेऊन आले. बसवायचा म्हणून नव्हे. का, ते विचारू नका, तेवढं एक सोडून बाकी सगळं विचारा. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. दिवाळीची साफसफाई आमच्याकडे आईच करवून घेते, हे कसं विसरले कोण जाणे. तिनं गोणपाट सोडलं, दांडा हातात घेऊन बघितला, बुश अंगठ्यानं हलवून पाहिले.

"कितीला आणलास?"

मी निम्मी किंमत सांगितली.

"तरी फसलीस," ती म्हणाली. "मालेगाववाल्यानं याच्याहून कमीत नेला होता."